कोरे कागद, उलटे ठिपके

श्रीगोंदा,
रविवार, २५ मार्च १९७३

प्रिय सुचित्राबाई,

सोमवारपासून आमच्या कारखान्याच्या लाइनीवर जो आवाज तुम्हाला 'हॅलो, हॅलो, कोन बोलतंय' करतो आहे, तो माझा नाही हे तुम्ही पहिल्याच फोनला ओळखलं असेल. तो बन्सी, आमच्या स्टोअरकीपरचा मेहुणा. मी आजारी नाही, रजेवर नाही, गावाकडेही गेलेलो नाही. त्याच इमारतीत दोन खोल्या पलीकडे ऑफिसातल्या खुर्च्यांना वेत विणत बसलो आहे. हे तुम्हाला फोनवर सांगावं तर फोन आता माझ्या हातात नाही, आणि असता तरी तुमच्या नगरच्या ट्रंक ऑफिसात सुपरवायझरबाई मध्येच कान लावून बसतात. म्हणून कागदावर राग काढतो आहे. लांबेल, तेवढं सोसा.

आमचा जुना बोर्ड तुम्ही पाहिलेला नाही. त्यावर प्रत्येक खात्याच्या लाइनीला एक पितळी झाकण होतं. तिकडे कुणी फोन उचलला की इकडे त्याचं झाकण खट्‌ करून पडायचं. वजनकाट्याचं झाकण सैल, ते पडल्यावर थरथरत राहायचं. साहेबांचं जड, ते एकदाच दणकन पडायचं. मी नुसत्या कानाने ओळखायचो आणि शंका आली तर बोटाने चाचपायचो. आता पुण्याहून नवा बोर्ड आला आहे. त्याला झाकणं नाहीत, दिवे आहेत. कुणी फोन उचलला की दिवा लागतो, आणि सगळ्या लाइनींना मिळून एकच घरघर वाजते. त्या घरघरीवरून मला एवढंच कळतं, की कुणाला तरी कुणाशी तरी बोलायचं आहे. साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले, मच्छिंद्र, बघ काय सुरेख बोर्ड आलाय. मी म्हटलं, बघतो की. कुणीही हसलं नाही.

बोर्ड बसवायला आलेला मेकॅनिक भला माणूस. तो आपणहून म्हणाला, जुनी झाकणं दिव्यांच्या तारांना जोडून खाली एका फळीवर बसवून देतो, दोन दिवसांचं काम आहे. मला तर तिथेच त्याचे हात धरावेसे वाटले. पण साहेब म्हणाले, नव्या बोर्डाची शोभा जाईल, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला यायचे आहेत. झालं. मेकॅनिक पुण्याला गेला, झाकणं भंगारात गेली आणि मी वेतात गेलो. सगळ्यात चीड कसली येते सांगू? यात कुणी दुष्ट नाही. पगार तोच ठेवला आहे. जो येतो तो पाठीवर हात ठेवून सांगतो, पगार चालू हाय ना, मग काय बिघडलं? कर्जतहून आई आली होती, तीही म्हणाली, बरं झालं बाबा, आता बस निवांत, डोळ्याला तरी तान न्हाई. देवीच्या साथीत माझे डोळे गेले तेव्हा मला मांडीवर घेऊन बसलेली बाई ही. तिच्यावर चिडता येत नाही, मग मी वेतावर चिडतो आणि वेत तुटतो.

तुम्हाला आठवतं का, तो टकटक आवाज? मुंबईची लाइन लागत नव्हती, तुम्ही मला एक नंबर लिहून घ्यायला सांगितलात, आणि मी माझ्या पाटीवर टोचणीने ठिपके पाडायला लागलो. तुम्ही विचारलंत, तिकडे गारा पडताहेत की काय. तेव्हा मी सांगितलं, मला दिसत नाही, आमची लिपी अशीच टोचून लिहितात. मी वाट पाहत होतो, आता आवाज बदलेल. सगळ्यांचा बदलतो. कुणी मोठ्याने बोलायला लागतं, कुणी लहान पोराशी बोलावं तसं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पुढचा नंबर पूर्वीच्याच वेगाने सांगितलात. माझी टोचणी मागे पडली, तर वर म्हणालात, आटपा हो, मुंबई थांबणार नाही. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याने एकटाच हसत होतो.

तेव्हापासून लाइन लागेपर्यंतच्या त्या चार-दोन वाक्यांवर माझा दिवस चालायचा. तुम्ही वर्तमानपत्रातली एखादी बातमी सांगायचात, मी इथली सांगायचो, औंदा पाणी नाही, ऊस नाही, गाळप कसंबसं उरकलं वगैरे. तुमच्यासमोर मी कारखान्याचा ऑपरेटर होतो. खुर्च्या विणणारा झाल्यावर आपण काय बोलणार आणि कुठल्या लाइनीवर बोलणार, ते मला कळत नाही.

आणि लिहिण्या-वाचण्याचं म्हणाल, तर तिथेही माझी गाडी अडलेलीच. मला येणारं प्रत्येक पत्र आमचा टायपिस्ट कानिफनाथ वाचून दाखवतो. माणूस हौशी आहे, पत्र वाचतो ते तमाशातल्या फर्ड्या सोंगाड्यासारखं. आईला पडसं झाल्याची बातमी सगळ्या ऑफिसाला कळते, आणि दुपारी शिपाई मला विचारतो, पडसं कसं हाय? तुम्ही माझ्यासाठी ठिपक्यांत पत्र लिहिलंत ते हेच ओळखून, हे मला ठाऊक आहे. पाकिटात जाड कागद लागला आणि त्यावर ठिपके लागले, तेव्हा मी कानिफनाथाला हाकच मारली नाही.

पण बाई, ते पत्र मला वाचताच येईना. एक अक्षर लागेल तर शपथ. आधी वाटलं इंग्रजी आहे. मग वाटलं माझीच बोटं वेतामुळे सुजली आहेत. मी तो कागद खिशात घालून जत्रेत हरवल्यासारखा फिरत होतो, आणि शंकरशेटच्या हॉटेलात, देवळाच्या पायरीवर, जागा मिळेल तिथे बसून चाचपत होतो. संक्रांतीनंतर मी तुम्हाला पाठवलेल्या पत्राचं ते उत्तर होतं. त्या पत्राबद्दल तुम्ही लाइनीवर चकार शब्द काढला नव्हता, मीही काढला नव्हता, आणि माझी खात्री झाली होती की तुम्हाला राग आला आहे. आता तुमचा राग माझ्या हातात होता आणि तो मला वाचता येत नव्हता. डोळस माणूस मिळाला असता तरी त्याला ठिपके कुठे येतात?

काल कळलं. तुम्ही कुठूनसा मिळवलेला आमच्या लिपीचा तक्ता समोर ठेवून डावीकडून उजवीकडे टोचत गेलात, शाईने लिहावं तसं. आमच्यात उजवीकडून डावीकडे टोचतात, कारण ठिपके उमटतात ते मागच्या अंगाला, कागद उलटल्यावर ते सरळ होतात. तुमचं अख्खं पत्र आरशातलं निघालं. शाळेत पहिल्या आठवड्यात मीही हेच केलं होतं आणि गुरुजींनी पाठीत धपाटा घातला होता. मग मी उजव्या टोकापासून सुरुवात केली, प्रत्येक अक्षर मनातल्या मनात फिरवून घेतलं, आणि तुमच्या तीन ओळी लागल्या, त्या अशा: 'दोन्ही कागद कोरे आले. उजेडाला धरून पाहिले, काही लागत नाही. काय लिहिलं होतं?'

मी वेत खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. कानिफनाथाच्या या टाइपरायटरवर, आता हे लिहितो आहे त्यावरच, मी ते संक्रांतीनंतरचं पत्र टाइप केलं, तेही अशाच सुट्टीच्या दिवशी. त्याच्या आदल्या दिवशी त्याने सभेच्या नोटिशीच्या प्रती काढायला स्टेन्सिल कापलं होतं. स्टेन्सिल कापताना शाईची फीत बाजूला ठेवायची एक कळ असते, ती त्याने तशीच सोडली. मी आपला मन लावून दोन पानं बडवली, घडी घातली, तिकीट लावलं, पेटीत टाकली. शाईचा एक थेंब नाही. मला काय कळणार? कुणाला दाखवण्यासारखं ते पत्र नव्हतं.

आज कळ चाचपून पाहिली आहे. शिवाय पहिली ओळ झाल्यावर झाडलोट करणाऱ्या गोजरबाईला हाक मारली आणि कागदावर काळं उमटतंय का ते विचारलं. ती म्हणाली, व्हय, मुंग्यावानी उमटतंय. तिला वाचता येत नाही, म्हणूनच तिला विचारलं. हे पत्रही ठिपक्यांत लिहिलं असतं, पण तुमची ओळख अजून तक्त्यापुरती, आणि माझा राग एवढा लांब.

त्या कोऱ्या कागदांत मी तुम्हाला पहिल्यांदा तू म्हटलं होतं. म्हणून आताही म्हणतो. सुचित्रा, माझ्याशी लग्न करशील का, असं विचारलं होतं. सोबत बरंच होतं, माझी नोकरी कायम आहे, कारखान्याची खोली मिळेल, विष्णुपंतांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, मी स्वतः येऊन भेटेन, जातीवरून ते काय म्हणतील ते ऐकून घेईन. त्यातली नोकरी आता ही अशी झाली. उद्या साहेबांकडे जाऊन ती झाकणं भंगारातून परत मागणार आहे, पण मिळतील असं सांगत नाही. तरी प्रश्न तोच आहे, म्हणून पुन्हा लिहिला. उत्तर ठिपक्यांत दे, या वेळी उजवीकडून टोच. नाही म्हणायचं असेल तरी ठिपक्यांतच म्हण. तुझं 'नाही' मला कानिफनाथाच्या तोंडून ऐकायचं नाही, ते माझ्या बोटांनी मला वाचू दे.

तुझाच,
मच्छिंद्र