अकरा तास नुसतं बसायचं

प्रिय ठमे,

तिकीटवाल्या बाईंनी अंतर सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. नऊ हजार किलोमीटर, आणि विमानाला अकरा तास. मी म्हटलं, "अहो, एवढं तर मी महिनाभरात बसने कापायचो, तेही घाटातून!" त्या म्हणाल्या, "काका, यात तुम्हाला काही चालवायचं नाही. नुसतं बसायचं."

त्या खुशीत येता येता नवी बॅगही घेऊन आलो. तू फोनवर म्हणाली होतीस ना, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केलीय, आई असती तर... तेव्हाच ठरवलं, बाळंतपणाला आपणच जायचं. मावशीने मला शिकवायला कंबर कसली. उशी टॉवेलात गुंडाळून बाळ म्हणून हातात दिली. पहिल्याच दिवशी मी मानेखाली हात द्यायला विसरलो, तर अशी ओरडली की शेजारीण धावत आली. आता उशीला लंगोट झकास बांधतो हो मी.

मग डावा पाय सुजला. सारखा ओट्याशी उभा राहून स्वयंपाक शिकतोय, म्हणून असेल, असं वाटलं. मावशीने ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची. म्हणाली, शिरेत रक्ताची गाठ आहे, औषधाने विरघळेल, पण वेळ लागेल, तोवर विमान नाही. गाठ सरकून फुप्फुसात गेली तर वर आकाशात कोण धावून येणार? मी विचारलं, मधेमधे उभा राहिलो तर? विमानं बदलत गेलो तर? ती मान हलवत राहिली. जन्मभर बसून नोकरी केली गं मी. लेकींच्या बाळंतपणाला निघालेल्या किती आयांना वेळेवर पोचवलं. शेवटी तिच्यापुढे हात जोडले. तिचेही डोळे भरले, पण नाही ते नाहीच.

तू रोज विचारतेस, "बाबा, बॅग भरली का?" मी हो म्हणतो. भरलीय, पण मावशीच्या कपड्यांनी. खरं सांगितलं असतं तर तू तशा अवस्थेत मला बघायला निघाली असतीस. तुझा स्वभाव मी ओळखून आहे.

म्हणून हे पत्र मावशीच्या पर्समध्ये ठेवतोय. जावईबापूंना मीच गप्प बसवलंय, त्यांच्यावर चिडू नकोस. मावशीला विमानाची धास्ती आहे, बोलत नाही एवढंच. आल्या आल्या तिला जरा झोपू दे. रडू आलं तर तिच्या कुशीत रड. फक्त तिच्यामागून मी येतोय का, म्हणून दाराकडे बघत राहू नकोस गं.

तुझाच, इथेच राहिलेला,
बाबा