अर्धी प्लेट

४ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र परवा लॉजवर मिळालं. मी मजेत आहे. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांनी जिना उतरताना कठडा धरावा आणि "मला काही झालेलं नाही" हे वाक्य महिनाभर तरी बंद ठेवावं, असा माझा निरोप दे.

छोटीला नोकरी लागली, तीही फिरतीची, हे वाचून फार बरं वाटलं. वजनकाटे तपासत, दुरुस्त करत गावोगाव हिंडणारा मी आपल्या घरातला एकुलता एक भटका होतो, आता जोडीला भाची आली. एकटीने बाहेर जेवायचं आणि तरी पगार हॉटेलवाल्याच्या घशात घालायचा नाही, हे मामाने नीट लिहून पाठवावं, म्हणजे तो कागद पोरीला जवळ ठेवता येईल, असा तुझा हुकूम. घे, बावीस वर्षांची विद्या फुकट देतो.

तिला सांग, स्टँडसमोरच्या हॉटेलात कधी बसायचं नाही. दोन गल्ल्या आत जायचं आणि ड्रायव्हर, कारकून, दुकानातली नोकरमंडळी जिथे जेवतात तिथे जेवायचं. ती रोज येणारी माणसं असतात, त्यांना कोणी फसवत नाही. मेनूकार्ड उजवीकडून वाचायचं, आधी आकडा, मग पदार्थ. मुख्य जेवण दुपारी उरकायचं. तोच भात, तीच भाजी, संध्याकाळी दिवे लागले की महाग होते, आणि दिवे काही खाता येत नाहीत. पाण्याची बाटली आपली न्यायची. सकाळचा नाश्ता भाड्यात देणारं लॉज बघायचं आणि तिथे लाजायचं नाही, एक उकडलेलं अंडं आणि एक केळं पिशवीत टाकायचं.

अर्धी प्लेट कार्डावर लिहिलेली नसते, पण मागितली की मिळते. नाहीच म्हणाले तर पूर्ण मागवावी आणि जेवायला बसण्याआधीच अर्धी बांधून द्यायला सांगावी. समोर असलं की माणूस संपवतोच. म्हणजे, बहुतेक माणसं संपवतात.

मी हल्ली बरेचदा सूपच घेतो. स्वस्त पडतं. आणि एक युक्ती अशी की प्रत्येक घासावर घोटभर पाणी प्यावं. घास, पाणी, घास, पाणी. सावकाश. मला एका अर्ध्या प्लेटीला पाऊण तास लागतो. पोट भरल्यासारखं होतं आणि पुढचं काही मागवावंसं वाटत नाही. मी कोपऱ्यातलं, भिंतीकडे तोंड करून बसायचं टेबल धरतो, म्हणजे कोणी बघत नाही.

हे शेवटचं छोटीला सांगू नकोस. तिने दाराकडे तोंड करून, गल्ल्यावरच्या माणसाला दिसेल अशा जागी बसावं. एकट्या माणसाला टेबलावर काही झालं तर ते कोणाच्या तरी नजरेला पडलं पाहिजे.

हल्ली बाबांची आठवण फार येते. ते जेवताना पाण्याचा तांब्या कसा अगदी ताटाला लावून ठेवायचे, ते आठवतं. असो, हा विषय छोटीच्या कामाचा नाही.

ती निघायच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून जेवू, म्हणून तू बोलावलंस. या महिन्यात जमेल असं दिसत नाही. गोदामांची तपासणी लागली आहे, महिनाअखेरपर्यंत मुक्काम याच लॉजवर. रागावू नकोस. फोन केला नाही म्हणूनही रागावू नकोस, लॉजवर नीट रेंज येत नाही.

तुझा,
बोक्या


९ नोव्हेंबर

चि. बोक्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. छोटीने युक्त्यांचा भाग दोनदा वाचला आणि उतरवून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "मेनूकार्ड उजवीकडून" हे भाऊजींना एवढं आवडलं की तुला अर्थमंत्री करावं म्हणतात. स्वतः मात्र कठडा धरत नाहीत.

शाबास रे. लहानपणी सगळ्यांच्या वाटीतलं दूध चाटूनपुसून संपवायचास म्हणून तुला बोक्या नाव ठेवलं, आणि आता तू अर्धी प्लेट खाऊन उठतोस! केवढा शहाणा झालास. अगदी बाबांवर गेलास.

तरी एकदा येऊन जा. रविवारी निघालास तर सोमवारी कामावर परत जाशील. जे म्हणशील ते करते. सूप म्हणालास तर सूपही करीन, मऊ भात करीन. छोटीला नाहीतर भाऊजींना मध्ये घालून नाही म्हणू नकोस. येतोस की नाही, तेवढं सरळ कळव.

रेंज येत नाही, मग ऑफिसला रोजचा हिशोब कसा कळवतोस?

तुझी,
ताई


१४ नोव्हेंबर

ती. ताई,

हे पत्र छोटीला दाखवू नकोस. आधी एकटी वाच आणि मग भाऊजींना सांगायचं की नाही ते ठरव.

रेंज येते. फोनवर माझ्या आवाजावरून तुला कळलं असतं म्हणून केला नाही.

तू लिहिलंस, बाबांवर गेलास. ताई, मी काटकसर करत नाही. मला गिळता येत नाही.

जूनमध्ये सुरू झालं. आधी पाव अडकायचा, इथे, छातीच्या मधोमध. पाणी प्यायलं की जायचा. मग भाजी अडकायला लागली, आता भातसुद्धा. अर्धी प्लेट मी पैशासाठी मागत नाही. उरलेली अर्धी तशीच जाते आणि वाढणारी बाई विचारते, "काय हो, चव नाही का आमच्या जेवणाला?" मी म्हणतो, पैसे वाचवतोय. असं म्हटलं की लोकांना पटतं. कौतुकही करतात.

बाबांचं आपण असंच केलं होतं, आठवतं? "मला भूक नाही, तुम्ही खा" म्हणायचे. आपल्याला वाटायचं, आपल्यासाठी पोटाला चिमटा घेताहेत. आईने शेजारणीला किती अभिमानाने सांगितलं होतं. चार महिने आपण त्यांच्या आजाराचं कौतुक करत बसलो. डॉक्टरांनी घशाखालच्या नळीतली गाठ दाखवली तेव्हा उशीर झाला होता. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी मी तेच करतोय. मला स्वतःचीच चीड येते, पण चिडीपेक्षा भीती मोठी आहे.

मला खरं कळलं ते गेल्या महिन्यात, धान्याच्या एका गोदामात. मोठा काटा तपासायचा तर गाडीतून वीस-वीस किलोची वजनं उतरवावी लागतात. त्याआधी मी स्वतः काट्यावर उभा राहून अंदाज घेतो. कित्येक वर्षं माझं वजन चौऱ्याहत्तर, किलोभर इकडे नाही की तिकडे. हल्ली सगळे छोटे, दुकानातलेच काटे होते, त्यामुळे बरेच दिवस उभा राहिलो नव्हतो. त्या काट्याने दाखवलं चौसष्ट.

मी गोदामवाल्यावर उखडलो. दहा किलोंचा फरक, शेतकऱ्यांना लुबाडता का, आत्ताच्या आत्ता सील लावतो, असं बरंच काही बोललो. तो बिचारा गोंधळला. "साहेब, वजनं तरी लावून बघा," म्हणाला. मी सगळी उतरवली. वीस ठेवलं, वीस. चाळीस, चाळीस. साठ, ऐंशी, शंभर. काटा चोख होता.

तो हसून म्हणाला, "काटा बरोबर आहे साहेब, तुम्हीच कमी भरताय."

मीही हसलो. त्याची माफी मागितली, पावती फाडली आणि गाडीत येऊन बसलो. आयुष्यभर काट्याचं ऐकलं आणि त्या दिवशी मी काट्याला खोटं पाडायला निघालो होतो. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट, मान चाचपली आणि दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. लवकर करा म्हणाल्या. ती चिठ्ठी आज एकोणीस दिवस माझ्या खिशात आहे. शर्ट बदलला की ती चिठ्ठीही नव्या खिशात जाते, एवढंच तिचं मी केलं.

काल दुपारी जेवताना घास असा अडकला की ना वर ना खाली. तोंडाला पाणी सुटत होतं आणि तेही उतरत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून टेबल घट्ट धरलं. मागे लोक बोलत होते, भांडी वाजत होती. मला वाटलं, मी इथेच कोसळलो तर बिल द्यायला उठला नाही म्हणून कोणीतरी बघायला येईल. कसाबसा मोरीपर्यंत गेलो आणि काढून टाकलं. तोंड धुऊन थेट हॉस्पिटलात गेलो.

तिथली नर्स बरी होती. गुरुवार, वीस तारीख, सकाळी आठची वेळ दिली. मग फॉर्म भरताना म्हणाली, "सोबत कोण येणार?" मी म्हणालो, मी एकटाच असतो. म्हणाली, "गुंगीचं औषध देतो आम्ही. शेजारी आणा, मित्र आणा, कोणीही आणा. एकट्याला आम्ही घेत नाही."

बावीस वर्षांत "एकटा" म्हणून मला कोणी परत पाठवलं नव्हतं. खोली मिळाली, टेबल मिळालं, जिथे गेलो तिथे जागा झाली. इथे मात्र नाही म्हणाले. ऑफिसमधला एखादा आला असता, पण मला तिथे तू हवी आहेस. बाबांच्या तपासणीला तूच गेली होतीस, आणि पुन्हा तुलाच त्या बाकावर बसवायचं म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही.

येशील का? नाही जमलं तरी मी जाईन असं लिहिणार होतो. ते खरं नाही. तू आली नाहीस तर मी जाणार नाही, मला माहीत आहे.

मला फार भीती वाटते, ताई.

बोक्या


१७ नोव्हेंबर

बोक्या,

मी येते आहे. बुधवारी दुपारच्या बसने निघते, साडेपाचपर्यंत स्टँडवर उतरेन. भाऊजींना सांगितलं. माझी बॅग त्यांनीच माळ्यावरून काढली, त्या गुडघ्यानिशी. छोटीला मी मामाकडे जाते एवढंच सांगितलं.

हे मी तुला आत्ता फोन करून सांगू शकले असते. दोनदा नंबर लावला आणि कट केला. मला रडू येईल आणि तू मलाच धीर देत बसशील. आणि एक गोष्ट मला लिहूनच सांगायची आहे, तोंडाने सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र आज रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. "घास, पाणी, घास, पाणी" वाचलं आणि बाबांचा ताटाला लावलेला तांब्या आठवला. छोटी बाजूला हसत होती, मामा किती चिंगूस म्हणून. मी पत्र घेऊन आत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसून राहिले. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग लिहिलं ते काय, तर शाबास. केवढा शहाणा झालास. हे मी लिहिलं, बोक्या, सगळं ओळखून लिहिलं. विचारलं नाही तर ते खरं होणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हणून सूप करते, मऊ भात करते असं आडून आडून लिहीत राहिले, पण "तुला गिळायला त्रास होतो का" एवढे पाच शब्द लिहायची माझी छाती झाली नाही. तू एकोणीस दिवस चिठ्ठी खिशात ठेवलीस म्हणून तुला बोलायचा मला काही अधिकार नाही.

गुरुवारी काय निघेल मला माहीत नाही. बाबांचं झालं तेच तुझं होईल असं नाही, डॉक्टरही तसं बोललेल्या नाहीत. पण होणार नाही असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. देता आलं असतं तर पहिल्या ओळीत दिलं असतं.

बुधवारपर्यंत पातळच घे. बाहेर जेवायला जाऊच नकोस, लॉजवाल्याला खोलीत दूध आणून द्यायला सांग आणि दार आतून लावू नकोस. बुधवारी संध्याकाळी मी तुझ्यासमोर बसेन. तुला पाऊण तास लागू दे, नाहीतर दोन तास लागू देत. अडकलं तर उठून मोरीत पळू नकोस. माझ्यासमोर थुंक. बाबांना ठसका लागला की मी भांडी आवरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायची, आणि त्यांना ते कळायचं. तुझ्या वेळी मी तोंड फिरवणार नाही.

फॉर्मवर माझं नाव घाल. नात्याच्या जागी मोठी बहीण लिही.

येतेच.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
ताई