काट्याजवळचा अंधार

३ नोव्हें. २००९, मंगळ.
जिनिंग सुरू होऊन आठवडा झाला. आजही सहाला लाईट गेली. जनरेटर लावला, पण तापलेले सोडियमचे दिवे दहा मिनिटं पेटत नाहीत. तोवर अख्खं आवार काळं. कापसाच्या ट्रॉल्या तशाच उभ्या, बाया बोंबलतात. शेठला परत म्हणालो, एलईडी लावा. बटण दाबलं की उजेड. जनरेटरवर लोडही कमी.
शेठ : "तू वायरमन. तू म्हणतोस तर बघू."

१२ नोव्हें.
एलईडी विक्रेत्याचा माणूस पुण्याहून आला. आवारात फिरलाच नाही, ऑफिसात चहा पिऊन गेला. मी चौदा दिवे लिहून दिले होते. शेठनं आठच सांगितले.
"उजेड दुप्पट हाय म्हणतो तो. मग तू खांब काहून मोजून राहिलास, दत्ता?"


२१ नोव्हें., शनि.
आठही बसवले. दोन दिवस खांबावर. मांड्या भरून आल्यात. संध्याकाळी बटण दाबलं, सगळे एकदम. दुधासारखा उजेड. बायांनी टाळ्या वाजवल्या. रुक्मिणबाई (आमच्याच गल्लीतली, सांडलेला कापूस वेचते, अकरा वर्षं झाली इथं) म्हणाली, "दादा, आता सरकी बी दिसती खाली."
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

२४ नोव्हें.
ट्रॉल्या तोलायच्या काट्याजवळ, पाचव्या-सहाव्या खांबाच्या मधे उभा राहून बघितलं. उजेड सरळ खाली पडतो, छत्रीएवढा. मधे काहीच नाही. वरून डोळे दिपलेले, म्हणून अंधार जास्तच. जुना पिवळा उजेड मंद होता, पण सगळीकडं पोचायचा.
शेठला सांगितलं. "पुढच्या सीझनला."
विक्रेत्याचा कागद आला होता. काम पूर्ण, उजेड समाधानकारक. शेठ सही कर म्हणाले. केली. घरी बायकोला, सुमनला, काही बोललो नाही.

२ डिसें.
रु.बाई : "काट्यापाशी काईच दिसत न्हाई दादा. लाईट फिरवा की जराशी."
फिरवली. तर फाटकाची बाजू काळी झाली. परत होती तशी केली. "संभाळून चालत जा" म्हणालो. तीन शब्द. त्याला काय लागतं.

८ डिसें., मंगळ.
पावणेसात. काट्यावरून ट्रॅक्टर मागं येत होता. रु.बाई वाकून कापूस वेचत होती. ट्रॉलीचं चाक उजव्या पायावरून
सगळे दिवे चालू होते. आठही.
शेठच्या जीपनं हिंगोली. तिथून नांदेडला पाठवली.

९ डिसें.
ड्रायव्हर गजाननला चौकीत बसवून ठेवलंय. एकच बोलतो, "मला दिसलीच न्हाई ती." कुणाला पटत नाही. एवढ्या उजेडात दिसली नाही? पिलेला असंल म्हणतात. तो पीत नाही. मला माहीत आहे.
सुमन रु.बाईच्या सासूला भाकरी देऊन आली. जेवलो नाही.

११ डिसें.
नांदेड. पाय गुडघ्याखाली काढलाय. ओळखलं मला. आधी विचारलं, सासूला कोण बघतंय. मग,
"दादा, लाईट तर लागलेली व्हती ना? मग मला ट्राली काहून दिसली न्हाई?"
मोसंबी सोलत बसलो. सोललेली तिच्या हातात दिली. 

१५ डिसें.
शेठनं बोलावलं. बस म्हणाले, खुर्ची ओढून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर फाईल, वर माझ्या सहीचा कागद.
"जमादार जबाब घ्यायला येईल. लाईट चालू होती, एवढंच सांग. खोटं बोल म्हणत न्हाई मी."
खरंच, खोटं नाहीच ते. तीच तर तकलीफ.

१७ डिसें.
गजाननची बायको घरी आली. दारातच उभी. सुमननं आत घेतलं, चहा दिला. कपाला हात लावला नाही. म्हणाली, "लाईटीचं काम तुमीच केलं ना? तुमाला ठाव असंल."
ती गेल्यावर सुमन : "काय ठाव हाय तुमाला?"
सगळं सांगितलं. चौदा, आठ, सही, सगळं. ती कप विसळत राहिली, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "नोकरी जाईल." मग म्हणाली, "त्या बाईचा पाय तर गेलाच." 

१९ डिसें., शनि.
दुपारी जमादार आले. शेठ शेजारीच. लिहून घेतलं : घटनेच्या वेळी सर्व दिवे चालू होते. मला वाचून दाखवलं.
"बराबर हाय?"
"व्हय."
"अजून काही?"
शेठ माझ्याकडंच बघत होते.  म्हणालो, "सायेब, अंधार पडल्यावर एकदा काट्यापाशी उभं राहून बघता का? अन् कुणाला तरी दोन खांबांच्या मधे वाकून बसायला सांगा."
शेठ उठून बाहेर गेले. जमादारांनी पेनाला टोपण लावलं. कागद घडी करून खिशात. "साडेसहाला येतो. आलो तर."
शेठ परत आले ते माझ्याशी बोलले नाहीत. मुनीमाला म्हणाले, हिंगोलीत दुसरा वायरमन बघ.
आता सव्वासहा. काट्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. दिवे लागले. आज बाया वेचायला इकडं आल्या नाहीत. रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या, थांबली एकही नाही.