पाटलांच्या भिंतीवरचे दोन हत्ती

३ मे १९३६. सकाळ.
जगदेव पाटलांच्या मुलीचं लग्न येत्या दहाला. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढायचं काम मला मिळालं. मंगरूळपीरचा पेंटर आजारी पडला म्हणून, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.
बायकोनं अट घातली. हत्ती लग्नात टिकले तर तुमी जलमभर चित्रं काढा, मी काही बोलणार नाही. नाही टिकले तर वावरात ज्वारीची धसकटं येचाले चाला. मान्य केली. धसकटं आता तुळसानं एकटीनंच वेचावीत.

४ मे.
मी हत्ती पाहिलेला नाही. गरज नाही, मला तो आतून दिसतो. गुरू केला नाही तोही म्हणूनच. फक्त सोंड कुठं संपते ते आतून नीट दिसत नाही. मॉडेल म्हणून शेजारच्या जानरावची म्हैस पाहून आलो. म्हैस एका जागी उभी राहत नाही.

५ मे.
तुळसा म्हणते, रंगात बाभळीचा डिंक घाला, सारेच घालतात. सारेच घालतात म्हणूनच मी घालणार नाही. अंघोळ करताना इन्स्पिरेशन आलं: गूळ! चिकटतो, वर चमकतो. सोबत मूठभर मीठ. का, ते मलाही ठाऊक नाही. आतून आलं.
घरातली गुळाची ढेप अर्धी झाली. तुळसाला अजून कळलेलं नाही.

७ मे.
डावा हत्ती पूर्ण. मुंग्या लागल्या आहेत, पण पोटाखाली रांग अशी बसली की शेडिंग आपोआप आलं. पाटील म्हणाले, रामकिसन, हत्तीले पाच पाय काहून? सोंड आहे म्हणालो. पाय पुन्हा मोजून आत गेले. पटलं असावं.

९ मे.
उजवाही पूर्ण. आता वावराकडे फिरकायचं नाही. ठरलं.

१० मे. संध्याकाळ.
मानोऱ्याहून वऱ्हाड आलं. छकडे सोडून बैल भिंतीलगत बांधले आणि सगळे मांडवात. अक्षता टाकून बाहेर येतो तर बैल भिंत चाटताहेत. उजव्याची शेपटी उरली होती. डाव्याचे चार पाय, वर काही नाही. वाईट वाटलं. डावा खरंच जमला होता.
पाटलांना नवरदेवाचे काका बबनराव म्हणाले, वा राजेहो, पाहुण्याच्या बैलायचीही सोय करून ठेवली! पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी जेवायला थांबलो नाही.
लग्न लागलं तेव्हा हत्ती भिंतीवर नव्हते, हे कोणी पाहिलंय? सगळे आत होते. तुळसाला हे नीट समजावलं. तिनं धसकटांचं टोपलं दाराशी आणून ठेवलं.

११ मे.
पोटात दुखतं. धसकटं उद्या.

१२ मे.
तुळसा स्वतः म्हणाली, एक हत्ती काढून द्या! गोठ्यात, गव्हाणीच्या वर. आपल्या पवळ्या बैलानं कालपासून कडब्याले तोंड नाही लावलं. गूळ-मीठ तिनंच काढून दिलं. मोठा काढा म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चित्र पहिल्यांदा मागितलं. डोळे भरून आले. सोंडसुद्धा जमली.

१३ मे. वावरातून.
पवळ्यानं सकाळपर्यंत हत्ती संपवला, सोंडेसकट. मग पेंडीभर कडबा खाल्ला. तुळसानं लगेच त्याला जोडीसोबत वखराला जुंपलं आणि टोपलं माझ्या हातात दिलं. ऊन फार आहे. न्याहारीला वखर सोडला तेव्हा पवळ्या माझ्याजवळ आला आणि माझी बोटं चाटून गेला.