डाव्या चाकाचं बेअरिंग

सोमवार, ३ मार्च

रोपवाल्याचा पिकअप पुन्हा आमच्या गॅरेजच्या दारात! महिन्यात तिसऱ्यांदा. गाडी जरा हलली की एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो. काल ओल्या उतारावर त्याने ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी घसरत कठड्यापाशी जाऊन थांबली. शेजारी बायको बसलेली. तो हसत सांगत होता — ‘ताई, रोपंसुद्धा आता या गाडीत बसायला नाही म्हणतात.’ मला हसू आलं नाही. मागच्या दोन्ही वेळा चाकाचा सेन्सर पुसून ‘झालं’ म्हणणारी मीच.

मंगळवार, ४

स्कॅनर म्हणतो, पुढच्या डाव्या चाकाचा वेग कळत नाही. डावा सेन्सर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. दोष डावीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर चांगला. वायर टीचभर-टीचभर चाचपली, ताणून पाहिली. तीही चांगली. बाबा खुर्चीवरून — ‘संपलं का संशोधन?’ पाठ भरून आली आहे.

बुधवार, ५

काही नाही. सेन्सर पुन्हा बदलून पाहिले. उगीचच.

गुरुवार, ६

बाबा डोळे दाखवायला गेले होते. सेन्सरच्या भोकातून टाचणी आत घातली — चिकटली नाही. बेअरिंग काढून दुसऱ्या कडेला लावली — चिकटली! या नव्या प्रकारच्या बेअरिंगच्या एकाच कडेत चुंबक असतं, सेन्सर त्यावरून चाक मोजतो. दिसायला दोन्ही कडा सारख्या काळ्या. बेअरिंग उलटं बसलं होतं.

बसवलं बाबांनी, महिन्यापूर्वी.

मी शाळेत असल्यापासून ते शिकवत आलेत — बेअरिंगला उलटं-सुलटं नसतं, सरळ बसलं की झालं. त्यांच्या वेळी नसायचंच. मीही तेच धरून बसले, म्हणून तीन दिवस तिकडे पाहिलंच नाही.

एकदा उपसलेलं परत लावत नाहीत, म्हणून नवं आणून नीट बसवलं. दिवा विझला. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस चालू; चाकं जाम नाहीत. पाच मिनिटं फार बरं वाटलं.

मग रोपवाला आला. काय होतं, विचारू लागला. बाबा परतले होते, डोळ्यांत औषध घालून शेजारीच बसलेले. माझ्या तोंडून निघालं — ‘वायर तुटली होती.’ तो बाबांना म्हणाला, पोरगी तुमच्या वरताण निघाली. बाबा खूश.

शुक्रवार, ७

तो माणूस बायकोला घेऊन त्या उतारावर जातो आणि मी त्याला खोटं सांगितलं. गाडी ठीक आहे, हे खरं. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, ८

भंगारातून ते बेअरिंग काढून बाबांनी माझ्यापुढे ठेवलं. ‘फिरवून पाहिलं, आवाज नाही. मग बदललंस कशाला?’ मी सांगितलं सगळं. बराच वेळ टाचणी लावत राहिले, काढत राहिले. मग म्हणाले —

‘वर्षात असली आणखी दोन बसवलीत मी. दिवा लागतो म्हणून ते दोघं गाडीवाले परत आले होते. मला काही सापडेना. वायर तुटली होती म्हणून सांगितलं आणि दिवा दिसू नये म्हणून त्याचा बल्बच काढून टाकला. आधी त्यांना फोन लाव. मग रोपवाल्याला.’