चार वाजता हँग

३ मे २००४, सोमवार
पुन्हा हँग! दुपारी चार वाजून दहा मिनिटं. सकाळपासून एकशे ऐंशी फ्रेम रेंडर झाल्या आणि कॉम्प्युटरची स्क्रीन जागच्या जागी थिजली. काम लवकर उरकावं म्हणून प्रोसेसरचा वेग मी वाढवलाय; वेग वाढला की त्याला वीजही जास्त लागते, म्हणून मदरबोर्डच्या बायोसमध्ये व्होल्टेज वाढवलं — १.६५ चं १.७५. एवढं कळायला डोकं लागतं. चेन्नईतल्या या अख्ख्या तिरुवल्लिकेणीत ते माझ्याशिवाय कुणाला आहे?

१४ तारखेला सीडी नुंगमबाक्कमच्या स्टुडिओत द्यायची. चार मिनिटांची फिल्म. जमली तर ॲनिमेटर. नाही तर नागपूर, बाबांनी ठरवलेली बँकेतली खुर्ची, आणि त्यांचा तो 'मी सांगितलंच होतं' असा चेहरा. जन्मभर!

५ मे
१.८० केलं. चार वाजता हँग.

रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दुकानातला वादिराज म्हणे, "व्होल्टेज कमी करा सार. वेगही थोडा उतरवा. गच्चीखालची खोली, त्यात मे महिना — चिप भाजतेय." भाजतेय म्हणे! माऊस विकून पोट भरणारा हा मला शिकवणार! त्याचा सल्ला त्याच्याच काउंटरवर ठेवून आलो.

६ मे
सापडलं! चारच्या सुमाराला खालून घरघर सुरू होते. घरमालकीण, सईबाई. नवरा गेल्यापासून इडली-डोशाचं पीठ वाटून गल्लीतल्या घरांना देते. तिचा ग्राइंडर लागला की लाइन ढिली पडते आणि माझं मशीन मरतं. म्हणजे चूक माझी नव्हतीच. माझी असते कधी?

खाली जाऊन सुनावलं. १४ पर्यंत ते वाटणं बंद, माझं भवितव्य अडलंय. तर तिचं ते तंजावरी मराठी सुरू! तीनशे वर्षं शिळं, वर तमिळची फोडणी; मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. "तंबी, तें तसें नव्हे..." म्हटलं, कारणं नकोत. मग "बरें" म्हणाली.

७ मे
घरघर बंद. असा दरारा लागतो!
मशीन साडेचारला गेलं. पण अर्धा तास जास्त टिकलं की नाही?

८ मे, शनिवार
१.८५. पावणेचारलाच हँग! पुन्हा चालू केलं, वीस मिनिटांत पुन्हा.
म्हणजे म्हातारी दारं लावून, वर गोधडी टाकून ग्राइंडर चालवते. दिसायला गरीब गाय, आतून लबाड. उद्या रंगेहाथ पकडतो.

९ मे
मशीन मेलं तसा खाली धावलो. दार सताड उघडं. सईबाई घरात नाही. ग्राइंडर कोपऱ्यात. झाकण काढलं तर आत कांदे. मागे पाहिलं — वायरच नाही.

शेजारची कनका जिन्यात होती. "तो? पोंगलच्या आधीच जळला. अम्मा आट्टुकलावरच वाटतात, हातानं." तो दगडी रगडा स्वयंपाकघरात समोरच होता. कोरडा. मी इतके दिवस ऐकत होतो ती घरघर दगडाची. दगडाला कसली वीज, गाढवा!

"मग आता कुठे गेल्या?"

"मैलापूरला, बहिणीकडे. भिजवलेले तांदूळ बादलीत घालून, बसनं. तीन दिवस झाले. वरच्या पोराची परीक्षा आहे, त्याला आवाज नको, म्हणाल्या."

वर आलो. व्होल्टेज १.६५. वेगही उतरवला. वादिराजनं सांगितला होता तेवढाच.

१० मे
चार वाजले. पाच वाजले. सहा वाजले. मशीन चालू आहे.
खाली जाऊन सांगायचं होतं. जिन्यापर्यंत गेलो. काय सांगू? परत आलो. भित्रा!

१२ मे
आजही हँग नाही. आजही गेलो नाही. खिडकीतून दिसल्या, बादली या हातातून त्या हातात घेत बसस्टॉपकडे चालल्या होत्या.

१४ मे, शुक्रवार
सीडी दिली. परत येताना बसस्टॉपवर सईबाई भेटल्या, मैलापूरच्या बसची वाट पाहत, हातात बादली. "परीक्षा कशी झाली, तंबी?"
"नापास झालो," म्हटलं. बादली घेतली आणि घराकडे वळलो.