बाईसाहेबांच्या पेटीबाबत सहावा अर्ज

प्रति,
मा. अधीक्षक,
पाळीव सरीसृप परवाना व ताबा कक्ष.

विषय: आपल्या ताब्यातील मादी अजगरास (पेटी क्र. १७) तिच्या खऱ्या लांबीला पुरेल अशी पेटी मिळणेबाबत.
संदर्भ: माझे यापूर्वीचे पाच अर्ज व आपली दोन उत्तरे.

महोदय,

१. माझ्या वडिलांचा शेवटचा नेहमीसारखा दिवस गुरुवार होता. ते फ्रिज दुरुस्त करीत. त्या दिवशी त्यांनी एका दुकानाचा कॉम्प्रेसर बदलला, दुपारी घरी येऊन जेवले, माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले आणि मग बाईसाहेबांचे पाणी बदलले. बाईसाहेब म्हणजे प्रस्तुत अजगर, लहान परदेशी जातीची. लांबी साडेचार फूट, वय नऊ, बिनविषारी, स्वभावाने भित्री. तिची पेटी त्यांनी बाटल्या ठेवायच्या जुन्या फ्रिजपासून केली होती. फ्रिज आडवा पाडून एक बाजू उबदार ठेवली, दुसरी गार, आणि दोन्हीकडे लपायला एकेक खोका. “जन्मभर लोकांचं थंड करत आलो, एकीचं तरी गरम ठेवू दे,” असे ते म्हणत. संध्याकाळी त्यांनी हाक मारली, “डोळे निळसर झालेत गं हिचे, कात टाकणार. बघ तरी येऊन.” मी दारातूनच पाहिले आणि परत फिरले. शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते पेटीसमोरच्या स्टुलावर, भिंतीला टेकून, गेलेले होते.

२. परवाना त्यांच्या नावे होता, म्हणून तो त्यांच्याबरोबर संपला. दहा दिवसांनी आपले दोन कर्मचारी उशीचा अभ्रा घेऊन आले व तिला त्यात घालून घेऊन गेले. मी हरकत घेतली नाही. खरे लिहायचे तर मला हायसे वाटले.

३. चूक त्यानंतरची आहे. ही जात घाबरली की डोके आत घेऊन चेंडूसारखी गोळा होते. कर्मचाऱ्यांनी त्या गोळ्यावर पट्टी धरली आणि ताबा-पत्रकात ‘लांबी: एक फूट’ अशी नोंद केली. आपल्या तक्त्याप्रमाणे एक फुटी सापाला दीड फुटाची पेटी मिळते. ती चारही बाजूंनी काचेची आहे. लपायला काही नाही, दिव्याला जाळी नाही, आणि तो दिवसरात्र चालू असतो.

४. मी ग्रंथालयात सूचीचे काम करते. एखाद्या पुस्तकाची पाने चुकीची नोंदली गेली, तर पुस्तक उघडून मोजतात व नोंद दुरुस्त करतात. येथेही तसेच होईल, असे मी धरून चालले. पहिल्या अर्जानंतर फेरमोजणी झाली, याबद्दल मी आभारी आहे. परंतु ती पेटीतच झाली, आणि त्या पेटीत ती सरळ होऊच शकत नसल्याने पुन्हा एक फूटच भरली. बाहेर काढून मोजावे, तर पशुवैद्यक हजर असावे लागतात, आणि ते पद रिक्त आहे. वडील गेल्यानंतर दोन दिवसांनी तिने टाकलेली अखंड कात मी पुरावा म्हणून जोडली. कात ताणली जाते, सबब ग्राह्य नाही, असे आपण कळवलेत. हे बरोबर आहे. मी वाचून खात्री केली. मग मी वडिलांनी केलेली पेटीच देऊ केली. ती ‘घरगुती शीतकरण उपकरण’ ठरून दारातून परत आली. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या अर्जांना उत्तर नाही.

५. दर मंगळवारी मला दहा मिनिटे भेट मिळते. तेथील मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, वाईट माणूस नाहीत. पहिल्या मंगळवारी ते म्हणाले, “ताई, हलत नाही म्हणजे खुशीत आहे. साप आहे तो, सोफा मागतोय का?” आता ते असे म्हणत नाहीत. तिने चौदा आठवडे काही खाल्लेले नाही. झाकणाला घासून नाकाची सालटी निघाली आहेत. गेल्या महिन्यातली कात तुकड्यातुकड्यांत निघाली आणि दोन्ही डोळ्यांवर तिचा पापुद्रा तसाच चिकटून राहिला, त्यामुळे तिला बहुधा नीट दिसत नाही. मामांनी स्वतःच्या डब्याचे झाकण पाण्यासाठी ठेवले होते. ते नियमात बसत नाही म्हणून त्यांना काढावे लागले.

६. पाच अर्जांत मी मोठी पेटी मागितली. या अर्जात तिचा आग्रह सोडते. तीन बाजूंना पुठ्ठा लावावा, दिव्याला जाळी बसवावी व तो रात्री बंद करावा, आत एक उलटा खोका ठेवावा आणि तिला अंग बुडवता येईल एवढे भांडे द्यावे. पुठ्ठा, जाळी, खोका व भांडे मी आवक खिडकीवर जमा केले आहे. हेही जमणार नसेल, तर निदान पुठ्ठा. तिला कोणी पाहत नाही असे वाटले तर ती खाईल, अशी थोडी शक्यता आहे. फार नाही.

७. एक गोष्ट मी आधीच्या अर्जांत लिहिली नाही. परवान्याच्या फॉर्मात ‘परवानाधारकाच्या पश्चात ताबा घेणारी व्यक्ती’ असा रकाना आहे. त्यात माझी सही असती, तर आपले कर्मचारी आलेच नसते. वडील दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो फॉर्म माझ्यापुढे ठेवीत, पेनाचे टोपण काढून. मी “बघू” म्हणायची. ते “घाई नाही” म्हणून टोपण लावायचे. असे नऊ वेळा झाले. यात आपल्या कार्यालयाचा काही दोष नाही.

परवा मंगळवारी मामांनी मला पेटीत हात घालू दिला. मी तिला पहिल्यांदाच हात लावला. ती गोळा झाली नाही. तेवढीही ताकद उरली नसावी. मामा समोर उभे असताना मी मोठ्याने म्हणाले, “द्या तो फॉर्म, बाबा. हिला मी सांभाळते.”

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
परवानाधारकाची मुलगी
दिनांक: २६, गुरुवार